कौटुंबिक हीट ट्रीटमेंट व्यवसायाचा इतिहास लिहिताना वाढ कशाने मोजावी?

तिसरी_पिढी (प्रश्न)

आमच्या घरचा व्यवसाय इतरांनी घडवलेल्या पोलादी भागांवर उष्णता-प्रक्रिया करून देण्याचा आहे. आजोबांनी डाय, पंच आणि छिन्न्या यांना पाणी देण्याच्या (म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करण्याच्या) कामापासून सुरुवात केली, वडील आणि काकांच्या काळात सॉल्ट बाथ (भाग तापवण्यासाठी वितळलेल्या मिठाची टाकी) व पुढे गॅस कार्ब्युरायझिंगच्या (वायूतून पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवण्याच्या) भट्ट्या आल्या, आणि आता चुलत बहीण व मी मिळून व्हॅक्यूम (निर्वात) भट्ट्यांचे काम पाहतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या इच्छेनुसार या सगळ्याचा छोटेखानी इतिहास लिहून काढण्याचे काम माझ्या वाट्याला आले आहे.

पहिला खर्डा तयार आहे; परंतु तो वाचताना असे वाटते की नावे बदलली, तर हाच मजकूर एखाद्या छापखान्याच्या किंवा वाहतूक कंपनीच्या स्मरणिकेतही खपून जाईल. एका शेडच्या अनेक शेड झाल्या, माणसे वाढली, उलाढाल वाढली, अमुक साली नवी भट्टी बसली, अशी ती जंत्री आहे. तिच्यात धातू कोठेच दिसत नाही.

म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या क्षेत्रातील व्यवसाय खऱ्या अर्थाने वाढला, हे कशावरून ओळखावे? आणि जगभर हा धंदा इतका काळ लहान कुटुंबांच्या हाती राहिला, त्यामागे निव्वळ योगायोग आहे की कामाच्या स्वरूपातच काही कारण दडलेले आहे?

धातुपरीक्षक

भट्ट्यांची संख्या हे माप या धंद्यात फसवे ठरते, कारण येथे ग्राहक ज्याचे पैसे मोजतो, ते त्याला डोळ्यांनी दिसत नाही. त्याने दिलेले गिअर जवळजवळ त्याच आकारात त्याच्याकडे परत जातात. बदललेली असते ती आतली रचना. त्यामुळे तुमच्या इतिहासाला कणा हवा असेल, तर प्रत्येक पिढीबद्दल एकच गोष्ट विचारून पाहा: काम बरोबर झाले आहे, हे आपल्या कारखान्यात त्या काळी कोण ठरवत होते आणि कशाच्या बळावर?

आजोबांच्या पद्धतीच्या कामात हा निर्णय डोळा देत असे. पोलाद तापून लालबुंद झाले की ते साधारण ७५० अंश सेल्सिअसच्या आसपास आले, असा अंदाज बांधला जाई. पण हाच लाल रंग भर उन्हात काळपट आणि ढगाळ दिवशी प्रखर दिसतो, म्हणून जुन्या कारखान्यांत भट्टीजवळची जागा मुद्दाम अंधारी ठेवत. काही जण भाग लोहचुंबकाला लावून पाहत, कारण सुमारे ७७० अंशांना लोखंडाचे चुंबकत्व जाते. कडक झालेला भाग ठिसूळ राहू नये म्हणून त्याला पुन्हा थोडे तापवताना घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर आधी फिकट पिवळी, मग जांभळी आणि शेवटी निळी झाक चढते. कोणत्या झाकेला थांबायचे, हे हत्याराच्या कामावर ठरे. ही विद्या खरीच होती. तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

मात्र डोळ्याने घालून दिलेले नियम नेहमी बरोबर असतातच असे नाही, हे या क्षेत्राच्या इतिहासातील एका प्रसिद्ध प्रकरणाने दाखवून दिले. १९०० च्या आधीची दोन-एक वर्षे अमेरिकेतील बेथलेहेम स्टील येथे फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट हे हत्यारी पोलादावर पद्धतशीर प्रयोग करत होते. एका मर्यादेपलीकडे तापवले की असे पोलाद 'जळते' आणि वाया जाते, हे तोवर प्रत्येक कारागिराला ठाऊक होते. टेलर आणि व्हाइट यांनी काही मिश्रधातूंची हत्यारे ती मर्यादा ओलांडून, थेट वितळबिंदूच्या जवळ नेऊन पाहिली, तेव्हा ती खराब न होता कितीतरी अधिक वेगाने धातू कापू लागली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे प्रात्यक्षिक पाहून जाणकार चकित झाले होते. तापमान मोजता येत असल्याशिवाय असा शोध हाताला लागणे शक्य नव्हते, आणि ते मोजता येऊ लागले होते, कारण फ्रेंच शास्त्रज्ञ हेन्री ल शातलिये यांनी १८८० च्या दशकात प्लॅटिनम-ऱ्होडियमचा थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) भरवशाचा करून दिला होता.

कडकपणा मोजण्याची गोष्टही अशीच आहे. ब्रिनेलची पद्धत १९०० मध्ये आली. पण ती तुकड्यावर मोठा ठसा उमटवते आणि तो ठसा सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसावे लागते. ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल हे बॉल बेअरिंगच्या कारखान्यात काम करत असताना त्यांना बेअरिंगच्या कड्यांवरील प्रक्रिया नीट झाली की नाही, हे झटपट पाहायचे होते; त्यातून १९१४ साली त्यांनी कडकपणा मोजण्याच्या आपल्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१९ मध्ये ते मंजूर झाले. आपल्या दृष्टीने यातील रंजक भाग पुढचा आहे: स्टॅन्ली रॉकवेल यांनी १९२३ च्या सुमारास अमेरिकेतील हार्टफर्ड येथे स्वतःचा हीट ट्रीटमेंटचा व्यवसाय उभा केला. ज्याने मोजपट्टी दिली, त्यानेच दुकानही मांडले.

याच काळात कारागिरांना एकमेकांशी बोलण्याची गरज वाटू लागली. डेट्रॉइटमध्ये १९१३ साली 'स्टील ट्रीटर्स क्लब' स्थापन झाला, आणि पुढे त्यातूनच आजची एएसएम ही धातुशास्त्राची मोठी संस्था वाढली. दुसऱ्यांचे काम करून देणाऱ्या व्यावसायिकांची 'मेटल ट्रीटिंग इन्स्टिट्यूट' १९३३ ची. दरम्यान, १९३० मध्ये डेव्हनपोर्ट आणि बेन या अमेरिकी संशोधकांनी पोलाद कोणत्या तापमानाला किती वेळ ठेवले असता आत कोणती रचना तयार होते, याचे आलेख प्रसिद्ध केले आणि 'तेलात बुडवावे की पाण्यात' हा वाद अनुभवाच्या पलीकडे जाऊन शास्त्राच्या कक्षेत आला.

तुमच्या जुन्या खतावण्या उपलब्ध असतील, तर पहिला पायरोमीटर (भट्टीचे तापमान मोजण्याचे साधन) आणि पहिले कडकपणा मोजण्याचे यंत्र केव्हा घेतले, ती नोंद शोधा. दुसरी शेड बांधण्यापेक्षा ती घटना मोठी आहे, असे माझे मत आहे.

रात्रपाळी

वरील विवेचन उत्तम आहे. परंतु ते प्रयोगशाळेच्या बाजूने लिहिलेले आहे. हा धंदा कुटुंबाच्या हाती का राहिला, याचे उत्तर भट्टीच्या बाजूने दिले पाहिजे, आणि ते बरेच साधे आहे: भट्टी संध्याकाळी कुलूप लावून घरी जाण्याची वस्तू नव्हे.

भट्टीच्या आतील विटांचे अस्तर वारंवार गार-गरम केले की तडकते. शिवाय रोज सकाळी ते नव्याने तापवण्यात इंधन जाते, ते कोणत्याही ग्राहकाच्या बिलात घालता येत नाही. सॉल्ट बाथची कथा याहून अवघड. वितळलेले मीठ रात्री गोठू दिले, तर ते सकाळी पुन्हा वितळवताना वरची साय घट्ट राहते, तिच्याखालचे मीठ आधी पातळ होऊन फुगते आणि वाट न मिळाल्यास उसळून बाहेर पडते. म्हणून बाथ शक्यतो वितळलेलाच ठेवायचा. टांगणीचा जिग (भाग अडकवायचा सांगाडा) किंचित जरी ओला असला, तरी पाण्याची क्षणात वाफ होऊन वितळलेले मीठ अंगावर उडते, म्हणून प्रत्येक जिग आधी वाळवून, तापवूनच आत सोडायचा. सायनाइडयुक्त बाथमधून काढलेला भाग नायट्रेटच्या बाथमध्ये गेला, तर स्फोट होऊ शकतो. आणि सायनाइडशी आम्लाचा संबंध आला, तर प्राणघातक वायू तयार होतो. अशा जागी पहाटे तीनच्या सुमारास कोणी तरी असे माणूस लागते, जे डुलकी घेणार नाही आणि 'चालते हो' म्हणणार नाही. पगारी माणसे तशी मिळतात, नाही असे नाही. पण सुरुवातीच्या काळात ती जागा बहुतेक ठिकाणी मालकाच्या भावाने किंवा मुलाने भरलेली असते.

आता वाढीविषयी. तुमच्या वडिलांच्या आणि काकांच्या काळात गॅस कार्ब्युरायझिंग आले, असे आपण लिहिता. त्या कामाचे अर्थशास्त्र एका वर्गमुळात सामावलेले आहे. पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन किती खोल शिरतो, हे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. हॅरिस यांनी १९४३ मध्ये दिलेल्या आणि अजूनही वापरात असलेल्या सूत्रानुसार ९२५ अंशांना दोन तासांत सुमारे ०.९ मिलिमीटर खोली मिळते. ग्राहकाने त्याच्या दुप्पट खोली मागितली, तर वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो, म्हणजे आठ तास. जो दुकानदार दुप्पट खोलीसाठी दुप्पट दर लावील, तो वर्षभर घाम गाळून तोट्यात जाईल.

याला जोडूनच दुसरी बाब येते. भट्टी अर्धी रिकामी असली, तरी वेळ तेवढाच आणि इंधनही जवळपास तेवढेच लागते. त्यामुळे एका ग्राहकाच्या पिना, दुसऱ्याचे गिअर आणि तिसऱ्याचे शाफ्ट हे एकाच खोलीचे आणि एकाच जातीच्या पोलादाचे असतील, तर ते एका भरणीत (भट्टीत एका वेळी घातलेल्या मालात) कसे बसवायचे, ही खरी हुशारी. एकट्या गिअर बनवणाऱ्याला स्वतःची भट्टी परवडत नाही. पण अनेकांचे काम एकत्र करणाऱ्याला ती परवडते, आणि जॉबवर्क (दुसऱ्यांच्या मालावर काम) करणाऱ्या दुकानाचे अस्तित्व याच फरकावर उभे आहे. भट्टीतील प्रत्येक भरणी किती भरलेली होती, याची नोंद तुमच्याकडे असेल, तर उलाढालीचे आकडे बाजूला ठेवा आणि ती नोंद छापा.

हिशेबनीस

वरील दोन्ही उत्तरांत कुटुंबाचे गुण फार गायले गेले, म्हणून थोडी कडू बाजू मांडतो.

या धंद्यात ज्या वस्तूवर प्रक्रिया होते, तिची किंमत आणि त्या प्रक्रियेचे शुल्क यांचा काही मेळ नसतो. महिनोन्‌महिने यंत्रावर घडवलेला मोठा डाय शेवटच्या टप्प्यावर तुमच्याकडे येतो आणि क्वेंचिंगच्या (तापलेला भाग तेलात किंवा पाण्यात एकदम गार करण्याच्या) वेळी चीर पडली, तर एका क्षणात भंगार होतो. म्हणूनच काम स्वीकारतानाच्या अटींत आपली जबाबदारी शुल्काच्या ठरावीक पटीपुरती मर्यादित ठेवण्याची या व्यवसायात जुनी रीत आहे. तरीही ग्राहक तुटतोच, आणि तो का तुटला, हे घरच्या इतिहासात कोणी लिहीत नाही. चीर धारदार कोपऱ्यामुळे पडली, म्हणजे आरेखनाचा दोष होता, की तेल अपुरे तापलेले होते, म्हणजे आपला दोष होता, यावर झालेले वाद हे अशा व्यवसायाच्या वाढीचे फार प्रामाणिक साधन असते. परत आलेल्या मालाची वही सापडते का, ते पाहा.

दुसरे असे की भांडवल वाढत गेले, तसतशी कुटुंबे मागे पडली. व्हॅक्यूम भट्टी, जादा दाबाच्या नायट्रोजनने भाग गार करण्याची सोय, सायनाइड आणि वापरलेले तेल यांची कायदेशीर विल्हेवाट हे सारे एका घराच्या बचतीतून उभे राहणे कठीण होत गेले. आज या क्षेत्रातील जगातील मोठ्या समूहांपैकी एक असलेली बोडीकोट ही कंपनी १९२३ साली इंग्लंडमधील हिंकली येथे वस्त्रोद्योग म्हणून सुरू झाली होती. ती धातूंकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस वळली आणि पुढे मुख्यतः एकामागून एक दुकाने विकत घेत वाढली. विकलेल्या दुकानांनी हार पत्करली, असे मी म्हणणार नाही. पुढच्या पिढीला रात्रपाळी नको असेल, तर विकणे हा शहाणपणाचाच निर्णय असतो. मात्र 'टिकलो म्हणजे श्रेष्ठ होतो' असा सूर तुमच्या पुस्तिकेत येऊ देऊ नका.

तिसरी_पिढी

तिघांचेही मनापासून आभार. परत आलेल्या मालाची वही मिळाली. तिच्याबद्दल घरात थोडी कुरबूर होईल, पण ती घेणार आहे.

एक नवा पेच उभा राहिला आहे. काकांची एक हस्तलिखित वही सापडली. प्रत्येक ग्राहकाच्या भागापुढे तापमान व वेळ लिहिलेली आहे आणि त्यापुढे सांकेतिक खुणा आहेत: 'मागे डावीकडे नको', 'जाड खाली', 'नवे तेल असल्यास अमुक मिनिटे कमी'. ही वही ते हयातभर कुलपात ठेवत आणि कोणाला दाखवत नसत. प्रमाणपत्रासाठी पहिल्यांदा बाहेरचे परीक्षक आले, तेव्हा याच गुप्ततेवरून घरात मोठा वाद झाला होता, असे आई सांगते. काकांविषयी आदर राखून हे कसे लिहावे?

मापन_आणि_नोंद

माझे काम भट्ट्यांच्या तापमानाची तपासणी करण्याचे असल्याने मला ही वही तुमच्या संग्रहातील सर्वांत मौल्यवान कागद वाटते. काकांनी तिच्यात धातूची गुपिते कमी आणि भट्टीचे दोष जास्त लिहिलेले आहेत.

'मागे डावीकडे नको' याचा अर्थ त्या कोपऱ्यात तापमान कमी किंवा जास्त राहत होते आणि ते त्यांना कळले होते. आज हीच गोष्ट आम्ही रिकाम्या किंवा भरलेल्या भट्टीत निरनिराळ्या जागी थर्मोकपल बांधून, ठरावीक काळ वाचने घेऊन शोधतो. विमानाच्या भागांसाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या एएमएस २७५० या विनिर्देशात भट्ट्यांचे वर्गच या फरकावर ठरतात: दुसऱ्या वर्गाच्या भट्टीत कामाच्या संपूर्ण जागेत तापमान ठरलेल्या आकड्यापासून ६ अंशांहून अधिक ढळता कामा नये, तर पाचव्या वर्गात १४ अंशांपर्यंत मुभा असते. तुमच्या काकांची भट्टी बहुधा यांतील कोणत्याही वर्गात बसली नसती, आणि तरीही त्यांनी ग्राहकांना वर्षानुवर्षे चालणारे भाग दिले, कारण भट्टी कोठे खोटे बोलते, हे त्यांना पाठ होते. 'जाड खाली' ही सूचनाही अशीच वाचावी. जाड भाग उशिरा तापतो, तेव्हा उष्णता जेथे अधिक, तेथे तो ठेवला जात होता.

गुप्ततेचे म्हणाल, तर तिच्यामागे स्पर्धकांची भीती होती, हे उघड आहे. पण आणखी एक कारण असावे. या खुणा त्या एकाच भट्टीपुरत्या खऱ्या होत्या. दुसऱ्याने त्या आपल्या भट्टीवर वापरल्या असत्या, तर माल बिघडला असता आणि ठपका काकांवर आला असता. नेमकी हीच अडचण पुढे परीक्षकांपुढे उभी राहिली असणार. विमान उद्योगासाठी नॅडकॅप ही प्रमाणन व्यवस्था १९९० मध्ये सुरू झाली आणि वाहन उद्योगासाठी सीक्यूआय-९ ची पहिली आवृत्ती २००६ मध्ये निघाली. दोन्हींचा आग्रह असा की काम कोणीही केले तरी तेच झाले पाहिजे, आणि तसे ते झाल्याचा पुरावा कागदावर असला पाहिजे. काकांना हे आपल्या कौशल्यावरचा अविश्वास वाटला असेल, तर त्यात नवल नाही. मी ज्या कारखान्यांत जातो, तेथील जुन्या माणसांच्या चेहऱ्यावर तो भाव मला आजही दिसतो. दोष द्यायचाच झाला, तर पद्धतीच्या बदलाला द्या. माणसाला देऊ नका.

धातुपरीक्षक यांनी विचारलेला 'काम बरोबर झाले, हे कोण ठरवत होते' हा प्रश्न येथे आपोआप सुटतो. आजोबांच्या वेळी डोळा, काकांच्या वेळी वही, तुमच्या वेळी तपासणी-अहवाल. पुस्तिकेत वहीचे एक पान आणि त्याच भट्टीचा पहिला तपासणी-अहवाल समोरासमोर छापा. अहवालातील सदोष कोपरा आणि काकांनी वर्ज्य केलेला कोपरा एकच निघाला, तर वाचकाला वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही. तो निराळा निघाला, तरी मजकूर म्हणून तो अधिकच रंजक ठरेल: मधल्या काळात हीटर बदलले होते का, अस्तर नव्याने लावले होते का, हे तुम्हाला शोधावे लागेल.

याखेरीज भट्टीच्या नोंदयंत्रावरील जुने गोल तक्ते जपलेले असतील, तर तेही वाचायला शिका. दार उघडून माल आत ढकलला की लेखणीची रेघ खाली घसरते आणि मग हळूहळू वर चढते. ती चढायला लागलेल्या वेळावरून भरणी हलकी होती की जड, हे बऱ्यापैकी सांगता येते. रात्रपाळी यांनी मागितलेली भरणीची माहिती वहीत नसली, तरी या तक्त्यांतून तिचा अंदाज येईल. हे शाईचे तक्ते दीर्घकाळ टिकतात. पण नंतरच्या यंत्रांनी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेल्या पट्ट्या काही वर्षांतच फिक्या पडतात, तेव्हा त्यांची छायाचित्रे आधी काढून घ्या आणि लिखाणाला त्यानंतर बसा.